लांब गीतांची ओढ आणि कंटाळा

काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मधून (२०१६ साली ते बंद झाले) कॅसेटी आणून गिरगावच्या घरी आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकू लागलो, त्यास आता चाळीस वर्षे होत आली. मन अजून द्विधाच आहे. जेनेसिसचे ‘सपर्स रेडी’ (१९७२) सुमारे २३ मिनिटे चालते. मधला विदूषकी भाग सोसावा लागतो. पण अखेरीस प्रकटीकरणातील नवे यरुशलेम दिसू लागते आणि त्या लांबीचे प्रयोजन उमगते. एमर्सन, लेक अँड पामर यांचे बरेचसे वादन मात्र आम्हांस बोटांची कसरत वाटते. जेथ्रो टलचे ‘माय गॉड’ (१९७१) तर चर्चसंस्थेवरच कोरडे ओढते. सेमिनरीत असताना ती कॅसेट आम्ही ट्रंकेच्या तळाशी ठेवीत असू. त्यातील बासरीभोवती मठातल्या गायनवृंदासारखे सूर उमटतात. तेवढा भाग आम्ही आजही दोनदा ऐकतो.