व्हिटेकर यांचा ईथर : संज्ञेचे सातत्य आणि कल्पनेचा विच्छेद

एडमंड व्हिटेकर यांचा ईथर व विद्युत् यांविषयीच्या उपपत्तींचा इतिहास प्रथम १९१० साली प्रसिद्ध झाला. त्याची सुधारलेली आवृत्ती १९५१ मध्ये, तर १९०० ते १९२६ या कालखंडाचा दुसरा खंड १९५३ मध्ये निघाला. दुसऱ्या खंडात सापेक्षता सिद्धांताचे श्रेय मुख्यतः प्वँकारे व लोरेन्ट्स यांना दिलेले असल्यामुळे या ग्रंथाची चर्चा बहुधा श्रेयाच्या वादातच अडकून पडते. वस्तुतः अधिक मूलगामी प्रश्न १९५१ च्या प्रस्तावनेत आहे. निर्वात अवकाशात विद्युच्चुंबकीय क्षेत्राची कधीही न थांबणारी सूक्ष्म आंदोलने असतात, विद्युत्भाराचे चढउतार होतात. तेव्हा अशा अवकाशास ‘निर्वात’ म्हणण्यापेक्षा ‘ईथर’ हे जुने नावच ठेवावे, असे व्हिटेकर सुचवितात. ही सूचना कितपत ग्राह्य आहे?

टाकून दिलेल्या उपपत्तींनाही न्याय देणे हे या ग्रंथाचे मोठे सामर्थ्य होय. मॅक्कुला यांनी १८३९ मध्ये कल्पिलेला ईथर केवळ परिवलनास विरोध करणारा होता. असा पदार्थ कोठे आढळत नाही म्हणून त्याची उपेक्षा झाली. परंतु पुढे फिट्झजेरल्ड यांनी मॅक्सवेल यांच्या उपपत्तीशी त्याचे साम्य दाखवून दिले. स्वतः मॅक्सवेल यांनी १८६१-६२ च्या निबंधांत भोवरे व त्यांच्यामध्ये फिरणारे गोलक यांनी भरलेले माध्यम कल्पिले. वेबर व कोलराउश यांच्या विद्युत्-मापनांच्या आधारे त्यांनी या माध्यमातील तरंगवेग काढला, तो सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर आला. फिझो यांनी मोजलेल्या प्रकाशवेगाच्या तो अगदी निकट होता. १८६५ च्या निबंधात मात्र हे गोलक गेले आणि समीकरणे उरली.

नेमके हेच उदाहरण व्हिटेकर यांच्या सूचनेस प्रतिकूल ठरते. एकोणिसाव्या शतकातील ईथर हे स्थान व गती असलेले द्रव्य होते. म्हणूनच त्यातून जाणाऱ्या पृथ्वीचा वेग मोजण्याचा प्रयत्न मायकेलसन व मोर्ले १८८७ मध्ये करू शकले. प्रकाशपट्ट्यांचे अपेक्षित सरकणे सुमारे ०.४ पट्ट्याइतके होते. प्रत्यक्षात ते त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी भरले. पुंजसिद्धांतातील निर्वात अवस्था तर एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना सारखीच असते, त्यामुळे तिच्या सापेक्ष वेगाचा प्रश्नच उद्भवत नाही. आइन्स्टाइन यांनी १९२० च्या लायडेन येथील व्याख्यानात ‘ईथर’ हा शब्द स्वीकारला खरा. पण त्यास गतीची कल्पना लावू नये, अशी अट घातली. असे प्रयत्न नेहमीच विफल होणार, हे तत्त्व व्हिटेकर यांनाही ठाऊक आहे. मात्र त्या तत्त्वाने जुन्या संज्ञेचा गाभाच नाहीसा होतो, याचे पुरेसे भान त्यांच्या सूचनेत दिसत नाही.

अवकाशाच्या विद्युत्स्वरूपाविषयीही असाच विवेक हवा. निर्वाताचा विद्युत्-स्थिरांक, म्हणजे दर मीटरला सुमारे ८.८५४ × १०⁻¹² फॅरड, हा त्याचा पुरावा म्हणून पुष्कळदा पुढे केला जातो. परंतु गाउस यांच्या एककपद्धतीत त्याचे मूल्य १ होते व तो समीकरणांतून लोपतो. एककांच्या निवडीबरोबर दिसेनासा होणारा आकडा अवकाशाचा गुण कसा ठरावा? याउलट लॅम्ब व रेदरफर्ड यांनी १९४७ मध्ये हायड्रोजनच्या दोन ऊर्जापातळ्यांत जो भेद मोजला, त्याचे मूल्य सेकंदाला सुमारे १०५८ दशलक्ष आवर्तनांइतके आहे. तो कोणत्याही एककाने पुसला जात नाही. व्हिटेकर यांचे विधान उभे राहते ते अशा प्रमाणावर, आणि त्यासाठी ‘ईथर’ या नावाची गरज पडत नाही.

मराठीत या विवेकाची निकड अधिकच आहे. कारण येथे ‘ईथर’ म्हणजेच आपले ‘आकाश’, असे समीकरण सहज मांडले जाते. वैशेषिकांचे आकाश हे शब्दगुणाचे अधिष्ठान आहे, तर ईथर प्रकाशाच्या वहनासाठी कल्पिलेला होता. ध्वनी तर निर्वातातून जातच नाही. दोन्ही कल्पना आपापल्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि ते प्रश्न भिन्न आहेत. व्हिटेकर यांचा ग्रंथ अभ्यासकाने अवश्य वाचावा. पण समीकरणे कशी टिकली व त्यांचा अर्थ कसा पालटला, हे शोधण्यासाठी वाचावा. त्याची साधने त्या ग्रंथातच विपुल आहेत.