आवडले म्हणजे समजले का? पॅकेट ट्रेसरच्या ‘स्वीकारा’ची चिकित्सा

पॅकेट ट्रेसरसारखे सिम्युलेशन सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांनी कितपत स्वीकारले, हे तपासणाऱ्या पाहण्यांचा पाया बहुधा एकच असतो: फ्रेड डेव्हिस यांचे १९८९ चे तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूप. त्यात मुख्य प्रश्न दोन. साधन उपयुक्त वाटते का? वापरायला सोपे वाटते का? डेव्हिस यांनी ही प्रश्नावली ई-मेलसारख्या कार्यालयीन सॉफ्टवेअरवर तपासली होती. तिथे काम लवकर उरकणे महत्त्वाचे. प्रयोगशाळेत उद्दिष्ट वेगळे असते.

एक उदाहरण पाहू. संगणक स्विचला जोडला की पॅकेट ट्रेसरमध्ये स्विचकडील खूण सुमारे ३० सेकंद नारिंगी राहते, मग हिरवी होते. अनेकांना सॉफ्टवेअर मंद वाटते आणि ते वेळ पुढे ढकलणारे बटण दाबतात. प्रत्यक्षात तिथे स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल काम करत असतो: १५ सेकंद ऐकणे, १५ सेकंद शिकणे. जाळ्यात चक्र तयार होऊ नये म्हणून पोर्ट थांबते. ‘सोपेपणा’च्या रकान्यात ही प्रतीक्षा दोष ठरेल, अभ्यासक्रमात मात्र तोच धडा आहे. राउटरपलीकडे केलेला पहिला पिंग अनेकदा हुकतो, तोही एआरपीचा धडाच.

याचा अर्थ सॉफ्टवेअर टाकाऊ आहे असा नाही. त्याच्या सिम्युलेशन मोडमध्ये पॅकेट थराथराने उलगडून पाहता येते. नुसत्या खऱ्या स्विचसमोर बसून ते दिसत नाही. पण मर्यादाही ठाऊक हव्यात. त्यात खऱ्या उपकरणांच्या मोजक्याच आज्ञा चालतात. केबलचे क्रिम्पिंग कधी बिघडत नाही. वेग आणि विलंब यांच्या अभ्यासासाठी एनएस-३ अधिक योग्य.

जयपूर असो वा जळगाव, एका तुकडीला पुरतील इतके खरे राउटर फार थोड्या महाविद्यालयांत असतात. अशा वेळी ‘विद्यार्थ्यांनी सॉफ्टवेअर स्वीकारले’ हा निष्कर्ष उपकरणे न घेण्याचे निमित्त होऊ शकतो. म्हणून पाहणीला एका चाचणीची जोड हवी: मुद्दाम बिघडवलेले जाळे द्यावे, आधी सॉफ्टवेअरवर, मग खऱ्या स्विचवर. दोन्हीकडे दोष सापडला, तरच साधन उपयोगी पडले असे म्हणता येईल.

तुम्हीही पुढच्या प्रात्यक्षिकात ते बटण दाबू नका. ३० सेकंद थांबा आणि पोर्ट का थांबले आहे, ते वहीत लिहा.