किमान वेतन, बक्षिसी आणि कायद्याचे मौन : हर्सूल परिसरातील हॉटेल कामगारांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या उत्तरेस जळगाव रस्त्यावर असलेले हर्सूल हे तलाव, हरसिद्धी मातेचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह यांसाठी परिचित आहे. फुलंब्री, सिल्लोड आणि अजिंठ्याकडे जाणारी वाहतूक याच रस्त्याने जाते. साहजिकच चहाची दुकाने, खानावळी, ढाबे आणि कुटुंबांसाठीची उपाहारगृहे रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली आहेत. या ठिकाणी काम मागण्यास आलेल्या तरुणास बहुधा एकच ठराविक वाक्य ऐकावयास मिळते : ‘खाऊन-पिऊन इतका पगार, वर टीप सुटेल ती तुझी.’

प्रस्तुत लेखाचा विषय हे एकच वाक्य आहे. त्यात वेतनाचे तीन घटक दडलेले आहेत : मालकाने द्यावयाची रोख रक्कम, जेवण व राहण्याची सोय, आणि गिऱ्हाईकाने द्यावयाची बक्षिसी. यांपैकी किमान वेतनात नेमके काय मोजावयाचे, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असूनही आपल्याकडे त्याची चर्चा क्वचितच होते. येथे कोणत्याही सांख्यिकीय पाहणीचा दावा नाही. कायद्याची भाषा आणि व्यवहारातील करार यांमधील अंतर तपासणे एवढाच मर्यादित हेतू आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

किमान वेतन विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. मार्च १९४८ मध्ये कायदा संमत झाला त्या वेळी हर्सूलसह सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मूळ अनुसूचीत तंबाखू, भातगिरण्या, तेलगिरण्या, रस्तेबांधणी, शेती अशा उद्योगांचा समावेश होता, हॉटेलांचा नव्हता. अनुसूचीत नवे उद्योग घालण्याचा अधिकार राज्यांना असल्याने महाराष्ट्रात पुढे निवासी हॉटेले, उपाहारगृहे व खाद्यगृहे यांचा समावेश झाला. कुशल, अर्धकुशल व अकुशल अशी कामगारांची वर्गवारी, स्थानिक परिमंडळानुसार मूळ दर आणि ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला, सहामाहीने बदलणारा विशेष भत्ता, असे या वेतनाचे सर्वसाधारण स्वरूप राहिले आहे.

परिमंडळाची कल्पना तत्त्वतः योग्य आहे, कारण मोठ्या शहरातील घरभाडे व खेड्यातील घरभाडे सारखे नसते. परंतु हर्सूलसारख्या वेशीवरील भागात तिची मर्यादा लक्षात येते. महापालिकेची हद्द ओलांडून थोडे पुढे गेले की परिमंडळ बदलू शकते. रस्ता तोच, गिऱ्हाईक तेच, पदार्थांचे भावही जवळपास तेच. बदलतो तो फक्त वाढप्याच्या श्रमाचा कायदेशीर दर.

वजावट : एक कायद्यात लिहिलेली, दुसरी व्यवहारातली

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच दिलेले आहे. १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्यात १९६६ मध्ये दुरुस्ती होऊन ‘टिप क्रेडिट’ची, म्हणजे बक्षिसीच्या वजावटीची तरतूद आली. तेथे संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. परंतु बक्षिसी मिळणाऱ्या कामगारास मालकाने द्यावयाची किमान रोख रक्कम १९९१ पासून २.१३ डॉलरवरच थांबलेली आहे. उरलेले ५.१२ डॉलर बक्षिसीतून मिळतील असे गृहीत धरले जाते आणि न मिळाल्यास तूट मालकाने भरून द्यावयाची असते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा आदी सात राज्यांनी ही वजावट मान्य केलेली नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००९ पासून बक्षिसी किमान वेतनात धरण्यास मनाई आहे आणि २०२३ च्या कायद्यानुसार ऑक्टोबर २०२४ पासून ती पूर्णतः कामगारांनाच देण्याचे बंधन मालकांवर आले आहे.

भारतीय कायद्यात अशी वजावट नाही. १९४८ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार अधिकृत कपातींखेरीज कोणतीही कपात न करता किमान वेतन देणे मालकावर बंधनकारक होते, आणि त्याहून कमी वेतन स्वीकारण्याचा करार कलम २५ नुसार शून्यवत ठरत होता. बक्षिसी ही मालकाने ‘देय’ असलेली रक्कम नसल्यामुळे ती वेतनाच्या व्याख्येत बसत नाही, असा अर्थ सहज निघतो.

मात्र हा अर्थ शब्दांत कोठेही लिहिलेला नाही, आणि येथेच प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य मुद्दा आहे. अमेरिकेतील वजावट अन्यायकारक असेल, पण तिला मर्यादा आहे, तिचा हिशेब आहे आणि तूट भरून देण्याची जबाबदारी निश्चित आहे. आपल्याकडील वजावट कायद्यात नाही. म्हणूनच तिला मर्यादा नाही, हिशेब नाही आणि जबाबदारीही नाही. ‘वर टीप सुटेल’ या शब्दांनी ती करारात शिरते आणि पगारपत्रकावर कोठेही दिसत नाही. उदाहरणादाखल, किमान वेतन दरमहा १२,००० रुपये आहे असे समजू. मालक ८,००० रुपये देतो व ४,००० रुपये बक्षिसीतून सुटतात. कामगारास वाटते, आपले भागले. मालकास वाटते, आपण नियमात आहोत. कायद्याच्या दृष्टीने मात्र दरमहा ४,००० रुपयांची थकबाकी साचत असते.

न्यायालयीन भूमिका

बक्षिसीच्या स्वरूपाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय एप्रिल २०१६ मध्ये आयटीसी लिमिटेड विरुद्ध आयकर आयुक्त या प्रकरणात आला. गिऱ्हाईकांनी कार्डाद्वारे दिलेली व हॉटेलने नंतर कर्मचाऱ्यांत वाटलेली बक्षिसी हा पगार असून त्यावर हॉटेलने उद्गम करकपात करावयास हवी होती, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. बक्षिसी गिऱ्हाईकाकडून येते, मालकाकडून नव्हे. मालक ती केवळ विश्वस्त म्हणून हाताळतो, असा या निर्णयाचा आशय आहे. या प्रकरणात दिलासा हॉटेलला मिळाला. परंतु त्यामागील तर्क कामगाराच्या बाजूचा आहे. आयकरासाठी जी रक्कम पगार नाही, ती किमान वेतनासाठी पगार कशी ठरेल? अर्थात निर्णय आयकर कायद्याखालील असल्याने वेतनाच्या दाव्यात तो आपोआप लागू होईल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा संदर्भ अधिक मूलभूत आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधी निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करवून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार वेठबिगारी ठरविली. तत्पूर्वी १९६१ च्या उनिचोयी प्रकरणात मालकाची देण्याची ऐपत हा किमान वेतनाच्या निश्चितीतील निकष होऊ शकत नाही, असेही स्पष्ट झाले होते.

वेतन संहिता, २०१९

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात येऊन १९४८ चा कायदा निरसित झाला. अनुसूचित रोजगाराची अट गेल्याने किमान वेतनाचे संरक्षण आता सर्व रोजगारांना आहे. थकबाकीच्या दाव्याची मुदत ६ महिन्यांवरून ३ वर्षे झाली, वेतनचिठ्ठी देण्याचे बंधन आले आणि वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकण्यात आला. कमी वेतन दिल्यास पूर्वी ५०० रुपयांपर्यंत असलेला दंड आता ५०,००० रुपयांपर्यंत आहे. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. मात्र पहिल्या अपराधास असलेली कारावासाची शिक्षा वगळली गेली, याचीही नोंद घ्यावयास हवी.

‘खाऊन-पिऊन’ या शब्दांचा विचार येथे करावा लागतो. वेतनाऐवजी वस्तुरूपाने दिलेला मोबदला एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंत वेतनाचा भाग मानला जाईल, अशी तरतूद संहितेत आहे. म्हणजे जेवणाच्या मोबदल्यास मर्यादा घातली गेली, परंतु त्याचे मोल कोणत्या दराने धरावयाचे, हा वादाचा विषय राहतोच. दुपारी गर्दी ओसरल्यावर उरलेल्या भाजी-भातावर झालेले जेवण फलकावरील थाळीच्या भावाने मोजले गेले, तर ही १५ टक्के मर्यादा लवकरच भरेल. आणि बक्षिसीविषयी संहितेचे मौन पूर्वीप्रमाणेच कायम आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, लहान उपाहारगृहाच्या मालकास पूर्ण किमान वेतन परवडत नाही. रस्त्यावरील अनेक ढाबे एका कुटुंबाच्या श्रमावर चालतात आणि मालक स्वतःच तव्यापाशी उभा असतो, हे खरे आहे. परंतु जागेचे भाडे, गॅस व तेल यांचे भाव ठरलेल्या दरानेच दिले जातात. सवलत केवळ श्रमाच्या दरात मागितली जाते. ऐपतीचा हा युक्तिवाद न्यायालयाने १९६१ मध्येच नाकारला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेतन व बक्षिसी मिळून वाढप्यास किमान वेतनाहून अधिक मिळत असेल, तर तक्रार कशाची? यास तीन उत्तरे संभवतात. एक, बक्षिसी वाढप्यास मिळते. मोरीवर भांडी घासणाऱ्यास, तंदुरीपुढे तापणाऱ्यास ती मिळतेच असे नाही, तरीही कमी पगाराचा पायंडा सर्वांनाच लागू होतो. दोन, ती अनिश्चित असते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गिऱ्हाईक बंद झाले तेव्हा ती एका दिवसात शून्यावर आली. बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवण्याची रीतही मोबाईलवरून पैसे देण्याच्या पद्धतीमुळे मागे पडत आहे. संकेतचिन्हावरून दिलेली रक्कम थेट गल्ल्याच्या खात्यात जमा होते. तीन, वेतन हा हक्क आहे आणि बक्षिसी ही मर्जी. हक्काची जागा मर्जीने घेतली की कामगार कायद्याकडे पाहण्याऐवजी गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो.

सेवा आकाराच्या वादातही हेच दिसले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात सेवा आकार आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वे ग्राह्य धरली. ग्राहकाच्या हिताच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. परंतु हा वाद प्रामुख्याने ग्राहक आणि मालक यांच्यातच लढला गेला, आणि ज्याच्या नावाने तो आकार घेतला जात होता त्याच्या वेतनाचा प्रश्न तसाच मागे राहिला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, भारतीय कायद्याने बक्षिसीची वजावट मान्य केलेली नाही, परंतु ती स्पष्ट शब्दांत नाकारलेलीही नाही. आणि या मौनाचा लाभ व्यवहाराने मालकास मिळवून दिला आहे. त्यावरील उपाय फार मोठा नाही. बक्षिसी किंवा सेवा आकार कोणत्याही स्वरूपात किमान वेतनात धरला जाणार नाही, तसेच गल्ल्यात जमा झालेली बक्षिसी ठराविक मुदतीत कामगारांना वाटली जाईल, अशा आशयाचे दोन नियम राज्य शासनाने वेतन संहितेखाली करावेत. वस्तुरूप मोबदल्याचे मोल ठरविण्याची रीतही त्यातच निश्चित व्हावी.

यात अध्यापकांचाही संबंध येतो. सकाळी महाविद्यालयात येऊन संध्याकाळी उपाहारगृहात काम करणारे विद्यार्थी आपल्या वर्गांत असतात. त्यांना किमान वेतनाची व्याख्या परीक्षेपुरती पाठ असते. आपल्या स्वतःच्या पगारास ती लागू होते, हे मात्र सहसा कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्यासाठी नव्या नियमांची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.