पट दिसतो, धुरकरी दिसत नाही

विदर्भातला बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट परत आला, हे आता वेगळं सांगायला नको. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने सैल झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. विदर्भात दाणी, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, पुन्हा आखल्या जाऊ लागल्या, सेकंदाचे बारीक भाग मोजले जाऊ लागले, मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. पण कला जगली की नुसती गर्दी जमली, याची कसोटी एकच: पाहणाऱ्याला ती कळते का? तिथे आजचा पट उणा पडतो. जोडीचं नाव, मालकाचं गाव आणि वेळ एवढं माईकवरून ऐकू येतं. धुरकऱ्याने, म्हणजे जोडी हाकणाऱ्याने, काय केलं, हे मात्र कोणी सांगत नाही.

पूर्वी ते सांगण्याची गरजच नव्हती. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या पट्ट्यातल्या कापूसकरी गावांत पटाला येणारा माणूस स्वतः वखर हाकून आलेला असे. दोन बैलांची चाल एक नसते, एक आधी उचल घेतो, दुसरा मागून जोर धरतो, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. ट्रॅक्टरने ते काम हिरावलं आणि कासरा कधी न धरलेली पिढी दाणीभोवती उभी राहिली. तिला धूळ दिसते, आकडा दिसतो. सुटताना जोडी सरळ कशी काढली, बाहेर रेटणारा बैल आवाजाने कसा आवरला, कासरा कुठे सैल सोडला, हे निसटून जातं. नियमांनी चाबूक आणि तुतारी (टोचणी) बाजूला ठेवल्यामुळे हाकणाऱ्याचं कसब उलट जास्त मोलाचं झालं आहे. तळेगाव दशासरच्या दाणीवर स्त्रियाही धुरकरी म्हणून उतरतात. त्यांच्या हाकण्याची दखल मात्र बहुधा कौतुकापुढे जात नाही.

हाकणाऱ्याचं कसब प्रेक्षकाला उलगडून दाखवता येतं, याचा दाखला मोटारशर्यतींत जपानने दिला आहे. केइची त्सुचिया हा डोंगरवळणांवर गाडी घसरवत शिकलेला चालक. १९९५ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने होंडा एनएसएक्समधून आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. पण त्याचं नाव टिकलं ते केवळ त्यामुळे नव्हे. ‘बेस्ट मोटरिंग’ या चित्रफितींच्या मालिकेत तो आणि इतर शर्यतपटू गाडी हाकता हाकताच तिचे गुणदोष बोलून दाखवत. कसब जाणणाराच त्याचा भाष्यकार झाला. मराठीलाही हे परकं नाही. रणजी खेळलेले बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत समजावलं. कुस्तीच्या मैदानात शंकरराव पुजारींच्या निवेदनाने डाव-प्रतिडाव प्रेक्षकांपर्यंत नेले.

यावर आक्षेप येतील. धावतात बैल, मग माणसाचं कौतुक कशाला? पण बैलाची ताकद सरळ रेषेत आणणं हे माणसाचंच काम; एकच जोडी दोन धुरकऱ्यांच्या हाती सारखी धावणार नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: भाष्य केलं तर छळालाच प्रतिष्ठा मिळेल. उलट, चांगलं हाकणं कसं असतं हे ज्याला समजलं, त्यालाच वाईट हाकणं ओळखता येतं. अजाण गर्दीला वेग तेवढा हवा असतो, आणि वेगाची ही आंधळी भूकच बैलाच्या मुळावर येते. तिसरं म्हणणं असं की मोबाइलवर सगळं दिसतंच. दिसतं खरं, पण दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे. तीच धाव दहादा पाहूनही ज्याला काय पाहायचं ते ठाऊक नाही, त्याला दहा वेळा धूळच दिसेल.

तेव्हा पटाचं पुढचं पाऊल मोठ्या बक्षिसात नाही. निकालाच्या फलकावर मालकासोबत धुरकऱ्याचं नाव यावं, दाण सोडलेल्या जाणत्या धुरकऱ्याकडे माईक जावा आणि त्याने वऱ्हाडीतच प्रत्येक धाव उलगडून सांगावी. कायद्याने पटाला परवानगी दिली आहे. त्याला जाणकार प्रेक्षक देण्याचं काम पट भरवणाऱ्यांनाच करावं लागेल.