दमयंतीचे चित्र आणि आमच्या मुली

आर्वीहून वर्धा नदी उतरून पलीकडे गेले की कौंडण्यपूर लागते. रुक्मिणीचे माहेर म्हणून या स्थळाची ख्याती आहे. दमयंतीही विदर्भराजाचीच कन्या. तेव्हा स्त्रीसौंदर्याचा विचार आर्वीत बसून करणाऱ्यास उदाहरण धुंडाळीत दूर जाण्याचे कारण नाही.

महाभारतातील नलाने दमयंतीस पाहिले नव्हते. तिच्याविषयी ऐकले होते. कवी तिला अनुपम सुंदर म्हणतो, पण तिचा मुखडा वाचकाच्या मनावर सोपवितो. 1899 साली राजा रविवर्म्याने हंसाचे बोल ऐकणारी दमयंती रंगविली, आणि ही मोकळीक संपली. रविवर्म्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. 1894 साली मुंबईस निघालेल्या त्याच्या छापखान्याने, ज्यांस देवळाची पायरी वर्ज्य होती त्यांच्याही भिंतीवर देव नेऊन बसविले, हे पुण्यकर्मच होय. परंतु एका चित्राच्या सहस्र प्रती निघाल्या की ते केवळ चित्र राहत नाही, ते माप होते. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांचा गौर वर्ण आणि रेखीव नाक म्हणजेच सौंदर्य, असे आमच्या डोळ्यांस वळण लागले.

पुढे हेच वळण मासिकांनी गिरविले. 1909 साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, कालांतराने दलाल, मुळगावकर यांच्या कुंचल्यांतील रमणी मुखपृष्ठांवर विराजमान झाल्या. त्यांचे लावण्य आम्हीही कौतुकाने पाहिले आहे. मात्र ऊन लागलेली, कापूस वेचून बोटे चिरलेली स्त्री त्या जागी क्वचितच दिसली. मग 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ मलम आले आणि माप विकत मिळू लागले. 2020 साली त्याच्या नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. नाव पालटले, माप पालटले काय?

आमच्या परिचयाच्या एका घरी मुलीचे छायाचित्र वरपक्षाकडे धाडण्यापूर्वी उजळून घेण्यात आले. ते पाहून मुलगी एवढेच म्हणाली, “आई, त्यांना ही पसंत पडली, तर मी कुठे जाऊ?” त्या प्रश्नास घरात कोणापाशीही उत्तर नव्हते. याच घरची मंडळी आषाढीस कौंडण्यपूरहून पंढरीस निघणाऱ्या रुक्मिणीच्या पालखीपुढे हात जोडतात. पंढरीची रखुमाई काळ्या पाषाणाची आहे! देवघरात जो वर्ण पूज्य, तो सोयरिकीत उणा कसा ठरतो, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

सौंदर्याची आवड उपजतच असते, तिला चित्रकाराने किंवा जाहिरातदाराने काय करावे, असा आक्षेप कोणी घेईल. आवड उपजत असेल. माप उपजत नव्हे. फिजी बेटांवर भरल्या अंगाच्या स्त्रीस पूर्वापार मान होता. 1995 साली तेथील एका प्रांतात दूरचित्रवाणी पोहोचली. त्या सुमारास शाळकरी मुलींची पाहणी झाली, तेव्हा वजन उतरविण्यासाठी ओकारी काढणारी एकही आढळली नव्हती. 1998 साली शेकडा 11 मुली तसे करीत होत्या. अन्न तेच, बेट तेच. आरसा तेवढा पालटला. आज तसा आरसा आमच्या प्रत्येक मुलीच्या हातांतील दूरध्वनीत आहे, आणि तो तिचाच चेहरा तिला परस्पर गोरा व सडपातळ करून दाखवितो. छापील दमयंती निदान परकी होती. ही सवत स्वतःच्याच रूपाने येते.

यावर उपाय काय? चित्रे जाळावी, असे आम्ही सुचवीत नाही. उलट दमयंतीची कथा पुढे वाचावी. स्वयंवरमंडपात चार देव नलाचे रूप घेऊन बसले आणि तिच्यापुढे एकसारखे पाच नल उभे ठाकले. चौघांच्या अंगावर घाम नव्हता, धूळ नव्हती. त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा कोमेजत नव्हत्या, पाय भूमीस टेकत नव्हते. पाचवा तेवढा घामेजलेला होता, धुळीने माखलेला होता, आणि त्याची सावली पडत होती. विदर्भकन्येने त्याच्याच गळ्यात माळ घातली.

ज्या खुणांवरून तिने आपला माणूस ओळखला, त्याच खुणा पुसून आम्ही आपल्या मुली वरपक्षास दाखवितो. रविवर्म्याचे चित्र भिंतीवर खुशाल असू द्यावे. मुलगी तेवढी त्याच्याशी ताडून पाहू नये.