‘अलबेला’तला बँड कुणाचा?

‘अलबेला’ म्हटलं की आधी भगवानदादांची नाचायची ढब आठवते. शेजारच्या अमरावतीत जन्मलेला माणूस, तेव्हा यवतमाळकरांना कौतुक असणारच. मग आठवतात संगीतकार सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. आज मला बोलायचं आहे ते तिसऱ्या माणसाबद्दल, आणि त्याच्या बँडबद्दल.

त्यांचं नाव चिक चॉकलेट. मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर मुंबईत आले. चिक ट्रम्पेट वाजवायचे. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा, आणि चित्रपटांत ते सी. रामचंद्रांचे सहायक होते.

आता १९५१चा ‘अलबेला’ ऐका. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो आहे, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आहे. बोंगो क्यूबाचा. पण बघा, तीही जोडीच: एक लहान, एक मोठा, हातानं वाजवायचा. तबला-डग्ग्याला सरावलेल्या कानाला तो परका कसा वाटेल? ठेका फिरून त्याच जागी येतो, हेही आपल्याला ठाऊक. म्हणून ही लय आपल्याकडे पटकन रुजली, असं मला वाटतं. नवी होती ती हार्मनी. आपलं गाणं एका सुरावलीनं चालतं. एकाच वेळी चार वाद्यांनी चार वेगळे सूर धरायचे, तर ते कागदावर लिहून द्यावं लागतं. ते लिहिणारे हात बहुतेक गोव्याचे होते.

मग हा लॅटिन जॅझ झाला का? माझं उत्तर: अर्धा. न्यूयॉर्कला १९४७ साली डिझी गिलेस्पीनं क्यूबाचा तालवादक चानो पोझो सोबत घेऊन ‘मान्तेका’ केलं. तिथं वादकाला स्वतःचं म्हणणं मांडायला मोकळी जागा आहे, आणि जॅझचा जीव त्या जागेत आहे. आपल्या फिल्मी गाण्यात मुखडा आणि अंतरे बसवल्यावर ट्रम्पेटला मिळते ती मधली फट. लय आली, वादकाचं स्वातंत्र्य मात्र बाहेरच राहिलं.

तरी एक गोष्ट या चित्रपटानं केली. ‘दीवाना परवाना’मध्ये चिक आणि त्यांचा बँड झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून थेट पडद्यावर आला. कपडे सोंगाचे म्हणा हवं तर, वाजवणारे अस्सल होते. एरवी या लोकांना कोण ओळखतं? फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस. गाणी गाजली, नावं मागे राहिली. गोन्साल्विसांचं नाव घरोघर पोचलं ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे. प्यारेलालनी आपल्या गुरूला दिलेली ती दक्षिणा, पण ऐकणाऱ्यांना ते निव्वळ पात्राचं नाव वाटलं.

चिक १९६७ साली गेले. ‘चाल कुणाची?’ हे आपण नेहमी विचारतो. ‘अलबेला’ची चाल सी. रामचंद्रांची, त्यात वादच नाही. पण त्या चालीला अंग कुणी दिलं, हाही समीक्षेचा प्रश्न आहे, आणि तो आपण फारसा विचारत नाही. आज घरी गेल्यावर गाणं लावा. शब्द तुम्हाला पाठच आहेत. या वेळी दोन कडव्यांच्या मधलं ऐका.