हिरवळीखालची नावे

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क हे अमेरिकन उद्यानकलेचे लेणे मानले जाते. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्या आराखड्याने १८५८ साली स्पर्धा जिंकली आणि ८४३ एकरांवर तळी, टेकड्या व वनराई माणसाच्या हातांनी उभी राहिली. ही निसर्गशोभा इतकी सहज वाटते, की इथे पूर्वी काही नव्हतेच असा समज व्हावा. कलासमीक्षेनेही बराच काळ तो समज जोपासला. तो दूर करणाऱ्या दोन अभ्यासग्रंथांकडे वाचकांचे लक्ष आम्ही वेधू इच्छितो.

पहिला ग्रंथ रॉय रोझेन्झवाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार यांचा 'द पार्क अँड द पीपल' (१९९२). उद्यानासाठी सुमारे १,६०० माणसांना घरे सोडावी लागली, हे सत्य या लेखकद्वयाने इतिहासाच्या मुख्य प्रवाहात आणले. त्यांत सेनेका व्हिलेज ही वस्ती होती. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स या कृष्णवर्णीय तरुणाने तेथे तीन भूखंड घेतले. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीयाला मताधिकारासाठी २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. म्हणून जमिनीचा तुकडा म्हणजे नागरिकत्वाचा उंबरठाच होता. १८५५ च्या सुमारास तेथे सव्वादोनशे लोक राहत. त्यांतील सुमारे एकतृतीयांश आयरिश होते. तीन चर्चेस होती, शाळा होती. १८५३ साली एका चर्चची कोनशिला बसली आणि त्याच साली जमीन ताब्यात घेण्याचा कायदाही झाला. १८५७ पर्यंत वस्ती उठली. तत्कालीन वृत्तपत्रांनी या मालकांना उपरे ठरविले होते.

दुसरा ग्रंथ सारा सीडर मिलर यांचा 'बिफोर सेंट्रल पार्क' (२०२२). उद्यानाची निगा राखणाऱ्या संस्थेच्या त्या इतिहासकार होत्या. त्यामुळे लेखणी सावध असेल, अशी शंका आम्हांस होती. परंतु खरेदीखते व नकाशे चाळून त्यांनी भूखंडागणिक मालकांची नावे उभी केली आहेत. व्यवहारांचे तपशील काही ठिकाणी इतके दाट होतात, की वाचक दमतो. तथापि हा कंटाळा सार्थकी लागतो, कारण 'विस्थापित' या गोळाबेरीज शब्दातून एकेक माणूस वेगळा होतो.

कॅथलिक वाचकांस आणखी एक प्रकरण जिव्हाळ्याचे वाटेल. १८४७ साली 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या धर्मभगिनींनी याच परिसरात मठ व मुलींची शाळा उभारली. उद्यानाच्या हद्दीत सापडल्याने त्यांनाही हडसन नदीकाठी रिव्हरडेल येथे जावे लागले. पुढे यादवी युद्धात त्याच जुन्या वास्तूत लष्करी रुग्णालय निघाले, तेव्हा जखमींच्या शुश्रूषेसाठी या भगिनी परतल्या.

भरपाईचे आकडे पाहिले की मालकांचे पुरते नुकसान झाले नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस हा युक्तिवाद अपुरा वाटतो. घराची किंमत ठरते. शेजाराची ठरत नाही. भाडेकरूंना तर जमिनीचा मोबदलाही नव्हता. सेनेका व्हिलेज पुन्हा कोठेही वसले नाही.

ते आज आठवता येते, यात संशोधकांइतकाच वाटा ज्यांनी साध्या नोंदी ठेवल्या त्यांचा आहे. तेथील 'ऑल एंजल्स' या एपिस्कोपल चर्चच्या नोंदवह्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कुटुंबांची नावे एकत्र आढळतात. वर्तमानपत्रांनी ज्यांना नाकारले, त्यांना धर्मग्रामाच्या वहीने नाव दिले. २०११ साली तेथे उत्खनन झाले आणि घरांचे पाये व संसारातील वस्तू मिळाल्या. मातीने साक्ष दिली, पण त्या वस्तूंच्या धन्यांची नावे सांगायला कागदच लागले.

ओल्मस्टेड व व्हॉक्स यांची कला यामुळे उणी होत नाही. मात्र यापुढे त्या हिरवळीचे रसग्रहण करताना तिच्याखालची नावे वगळणे, ही अपुरी समीक्षा ठरेल. आपल्या धर्मग्रामातील जीर्ण नोंदवह्यांकडेही या दृष्टीने एकदा पाहावे, अशी वाचकांस विनंती.